साळूआत्याची जागा

भरत माझा सख्खा भाचा. खोटं सांगून त्याला काही मिळायचं नाही, आणि या वयात मला गोष्टी रचायची हौस नाही. घडलं तसं सांगते.

मागच्या वर्षीचा वैशाख. ओतूरला एसटी स्टँडमागचं त्याचं गॅरेज. भर दुपार.

बेल्ह्याचे रामनाथ त्यांची अडुसष्ट सालची निळी मोटार घेऊन आले. दुसऱ्या दिवशी लेकीचं, हर्षालीचं लग्न. पाठवणी याच गाडीतून, आणे घाट चढून, आण्याला सासरी. पण मागचं डावं दार चालत्या गाडीत उघडायचं.

"पोरगी बसायची हाय रं त्यात. लई जपून कर."

"काका, तिजोरी करून देतो!" भरत हसला.

रामनाथ हसले नाहीत.

भरतनं दाराचं लॉक खोललं. वाळलेलं ग्रीस रॉकेलनं धुतलं. लॉक जिच्यात अडकतं, ती खांबावरची पट्टी अर्धं सूत आत सरकवली. अशा दाराला दोन टप्पे असतात. पहिल्या 'खट'ला दार नुसतं अडकतं. दुसऱ्याला पक्कं बसतं.

खट. खट.

तो हात पुसायला वळला...

दार उघडं.

दहादा लावलं. दहादा उघडलं. शेवटी त्यानं आतल्या मुठीची दांडीच सोडवली. आता आतून दार उघडणं शक्य नव्हतं.

लावलं, आणि समोर उभा राहिला.

बाहेरच्या मुठीचं बटण... हळूहळू आत गेलं. कुणी अंगठ्यानं दाबावं तसं.

कुणाला बाहेर पडायचं नव्हतं.

कुणाला तरी आत बसायचं होतं.

संध्याकाळी रामनाथ आले. भरतनं विचारलं, "काका, खरं सांगा. या दाराचं काय हाय?"

रामनाथनी त्या दारावर हात ठेवला. "माझ्या बहिणीच्या लग्नात साळूआत्या पाठराखीण व्हती. ह्याच गाडीत नवरीसंगं सासरी निघालेली. दार मी लावलं. एकच खट वाजलं. मला वाटलं, बसलं... घाटातल्या वळणावर आत्या पडली. सासरी पोचलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी भरत स्वतः गाडी चालवायला बसला. दार त्यानं आतून दोरीनं बांधलं होतं. मागे हर्षाली आणि नवरदेव.

दिवेलागणीला घाट लागला. ते वळण आलं...

कट. कट. कट.

बाहेरची मूठ हलत होती. दोरी ताणली जात होती.

"भरतदादा, दार!" हर्षाली ओरडली.

त्यानं गाडी थांबवली. मागं वाकून दोरी सोडली, उतरून दार सताड उघडलं.

"हर्षाली, सरक जरा."

मग घाटाकडं बघत तो म्हणाला, "बसा आत्या."

सीटची स्प्रिंग... करकरली.

त्यानं दार लावलं. खट. खट.

आण्याला पोचेपर्यंत दार हललं नाही.

पाठराखीण पाचव्या दिवशी नवरीबरोबर माहेरी परतते. हर्षाली आली ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर. आत्याला आणायला गाडी पाठवायचं कुणाला सुचलंच नाही.

"रातीला पायाशी कोण तरी बसतं," ती तेव्हा हसत म्हणाली होती. "भ्या नाय वाटत."

आता तिला दिवस गेलेत. परवा भरतला तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"दादा, ती आता पायाशी नाय बसत...

"माझ्या पोटावर हात ठेवून बसती."