पानात न वाढलेली मरळ

‘या तळ्यातील प्रत्येक मासा सुरक्षित आहे.’ खाप्याजवळच्या त्या मत्स्यतळ्यावर शिक्क्यानिशी असा फलक होता. विधान भारदस्त होते. उणे एवढेच, की तपासले होते ते पाणी. माशांच्या पोटात काय जाते, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नव्हता. दारातून चोर शिरत असताना भिंतीची जाडी मोजून घर सुरक्षित ठरवावे, तशी ही विद्वत्ता!

नागपूरची संशोधक भैरवी तिथे पोहोचली, ती रस्ता चुकून. बांधावर तिचे पाऊल पडले आणि पाण्यातून शेकडो काळी तोंडे एकदम वर आली... हवा गिळून निःशब्द बुडाली.

“भेऊ नका, मॅडम. मरळ हाय, श्वास घ्याले वर येते,” मागून तळ्याचा मालक पियुष हसला. “पण तुमाले पाहाले एवढी गर्दी—”

“आणि त्या मांजरीला काय झालंय?”

तळ्यातल्या माशांवर पोसलेली मांजर स्वतःभोवती संथ फिरत होती, कोणी अदृश्य दोरी धरल्यासारखी. पियुषचे हसू मावळले.

तपासणीत उलगडले : खाद्यात मिसळलेल्या समुद्री माशांच्या स्वस्त भुकटीत पारा होता; तोच तळ्यातल्या माशांतून मांजरीच्या मेंदूत भिनला होता. मग भैरवी येतच राहिली. शेजारच्या टाक्यातल्या पिल्लांना तिने सोयाबीनची पेंड आणि जवसाचे तेल सुरू केले. पोते दोघे मिळून रिकामे करत. पेंडीची धूळ दोघांच्याही पापण्यांवर बसे.

“मरळीले शाकाहारी करून राहिल्या तुमी!”

“मालकालाही करीन.”

“मी तं कवाचाच—” तो अडखळला. नजर पाण्याकडे वळली.

दुपारी तो तिला आग्रहाने झुणका-भाकर वाढी, वर ठेचा. मरळीचा रस्सा कधीच नाही.

हिवाळ्यात अहवाल आला. टाक्यातली पिल्ले जवळजवळ निर्मळ होती. तळ्यातल्या थोरल्या माशांच्या अंगात मुरलेला पारा मात्र तसाच होता.

“यातला एकही विकायचा नाही,” ती म्हणाली.

“नाही विकत.”

तो इतक्या सहज कबूल झाला, की तिच्या अंगावर काटा आला. मांजरीची जागा आता रिकामी होती.

“इतक्या महिन्यांत मला एकदाही मरळ वाढली नाहीत, पियुष. काहून?” तिने त्याचाच शब्द उचलला.

काळी तोंडे पुन्हा वर आली, जणू ऐकायला. पियुषने फलक उपटून तिच्या पायाशी ठेवला.

“मांजर फिराले लागली, तवाच मले समजलं होतं. तवापासून मी सोता खाल्ली नाही. गावाले मात्र विकत राहिलो... अन् तुले वाढाले माहा हात धजला नाही, भैरवी.”