उमाजीचा निळा शर्ट

“आमच्या यांनी खून केला नाही, ताई,” भामा म्हणाली.

खाजगी तपास करणाऱ्या सुमन नांदापूरकर यांनी फाइल उघडली. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या ऑफिसात उमाजीच्या बायकोला, भामाला, किशोर घेऊन आला होता. एका नव्या सॅटेलाइट चॅनेलसाठी तो उमाजीच्या खटल्यावर माहितीपट करत होता.

सहा वर्षांपूर्वी, १९९०च्या दसऱ्याला, विद्यानगरात म्हातारे वकील एकनाथराव यांचा गळा आवळून खून झाला. त्यांच्या घरी काम करणाऱ्या उमाजीला जन्मठेप झाली. हायकोर्टानंही ती कायम केली.

“त्या संध्याकाळी काय झालं?”

“साहेबांनी नवा निळा शर्ट दिला. यांनी तिथंच अंगात घातला अन् आठला निघाले. घरी आले तर मीच हसले, नवरदेव दिसतेत म्हणून. सकाळी पोलीस आले.”

एकमेव साक्षीदार होता एकनाथरावांचा पुतण्या शिवराज. काकांचा बंगला पाडून उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटमध्येच तो राहत होता.

“बंगला बिल्डरला द्यायला काकांचा नकार होता?” सुमननं त्याला तिथं गाठून विचारलं.

“होता. म्हणून काय झालं?”

“उमाजीला कुठून पाहिलंत?”

“फाटकातून. वरांड्यातला दिवा बंद होता, पण रस्त्याच्या खांबाचा उजेड होता. निळा शर्ट घालून घाईनं गेला. मग मी आत गेलो, तर काका पडलेले.”

“त्याआधी आत गेला होतात?”

“नाही. दिवसभर सिकंदराबादला होतो.”

शेजारच्या मीनाबाईंनी खिडकीतून खांब दाखवला. “हौ, तेव्हाही हाच पिवळा सोडियमचा दिवा होता. त्यांच्या घरात मात्र पांढरी ट्यूबलाइट.”

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच सुमननं किशोरला निळा शर्ट घालून खांबाखाली उभं केलं आणि स्वतः कॅमेरा धरला.

“यात काय कळणार?” किशोर कुरकुरला.

“खाली बघ.”

त्याचा शर्ट काळपट मातकट दिसत होता. निळा रंग कुठेच नव्हता.

मग ती दोघं शिवराजकडे गेली.

“फिर्याद तुम्ही रात्री साडेनऊला दिलीत,” सुमन म्हणाली. “तीत ‘निळा शर्ट’ आहे. उमाजीला सकाळी पकडलं, म्हणजे पोलिसांनी तो तुम्हाला दाखवलेला नव्हता. शर्ट त्याच संध्याकाळी मिळालेला, म्हणजे आधी कधी पाहिलेला नव्हता. खांबाच्या पिवळ्या उजेडात निळा ओळखू येत नाही. तो निळा दिसला फक्त घरातल्या ट्यूबलाइटमध्ये. उमाजी घरात होता तेव्हा तुम्हीही आत लपला होतात. त्यानं खून केला असता, तर तो डोळ्यांनी पाहिला असंच तुम्ही सांगितलं असतं. तो गेला, काका जिवंत राहिले. त्यांच्याजवळ उरलात तुम्ही.”



“ते घर आता आहे का?” शिवराज म्हणाला. “ती ट्यूब आहे? जा, दाखवा कोर्टाला तुमची कॅसेट.”

उमाजीचे वकील मधुकरराव म्हणाले, खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज करू, पण आशा ठेवू नका. चॅनेलनं माहितीपट दाखवला. शिवराजचं नाव आणि खांबाखालचा प्रसंग मात्र कापला.

भामाबरोबर तुरुंगात गेलेल्या सुमननं उमाजीला सगळं सांगितलं. जाळीपलीकडे त्यानं दोन्ही हात जोडले. त्याचा चेहरा उजळला होता.

“म्हणजे कळलं तुम्हाला,” तो म्हणाला. “मग ताई, मला कधी सोडतेत?”

भामानं सुमनकडे पाहिलं. सुमनला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.