नाव नसलेलं पत्रक

रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. बारा डिसेंबर एकोणीसशे शहाण्णव, गुरुवार. अवस होऊन दोनच दिवस झालेले. दत्तोबातात्यांनी ही वेळ इतक्यांदा सांगितलीय, की शेकोटीभोवतीच्या पोरांना ती पाठ आहे. ज्याच्यावर बेतली तो सिद्धू तात्यांच्या मावसभावाचा मुलगा, त्यामुळं खोटं म्हणायची सोय नाही.

सिद्धू इंदापूर रस्त्यावरच्या बंद साखरगिरणीचा वॉचमन. इंग्रजाच्या वेळची गिरणी. जुनी यंत्रं जतन करायची म्हणून एका समितीनं ती ताब्यात घेतली, पुढची भिंत रंगवली, पाटी लावली. आत मात्र वरच्या मजल्याच्या फळ्या कुजलेल्या, पितळी चाकं एकेक करून नाहीशी. आणि शनिवारी तिथं शाळेची सहल यायची होती. सिद्धूची मुलगी प्रतीक्षा त्याच चौथीच्या वर्गात. आपली पोर घरी ठेवता येईल, पण बाकीची चाळीस? समितीला दोनदा सांगून झालं होतं. "तू राखण कर, अक्कल शिकवू नको," एवढंच उत्तर. म्हणून त्यानं दोन दोस्तांना धरून निनावी पत्रकं काढली.

कौसल्या, त्याची बायको, चुलीवर खळ शिजवत म्हणाली, "नाव घालायची छाती न्हाय, अन् निघालाय समितीला सुधरवायला."

"नाव घातलं तर उद्या तूच इचारशील, पगार कुठं हाय म्हनून."

"मग लवकर या. पोर जागी हाय."

खळीचा डबा, कुंचा, पत्रकांची पिशवी सायकलला अडकवून तो निघाला. गिरणीच्या फाटकावर खळ फासली. पहिला कागद दाबला.

"काय लिव्हलंय?"

आवाज फाटकाच्या आतून आला. कुलूप बाहेरून होतं. चावी सिद्धूच्या खिशात.

"कोन हाय?"

"वाचाया येत न्हाय मला. वाचून दाव."

सिद्धूनं वाचलं. का वाचलं, ते त्याला आजही सांगता येत नाही. वरचा मजला कुजलाय... पोरांना नेऊ नका...

 मग हळूच,

"माझं नाव हाय का त्यात?"

"न्हाय... कुनाचंच न्हाय."

"मी वरनं पडलो तवाबी कुनी न्हवतं लिव्हलं."

इथं तात्या शेकोटीकडं वळतात. लाकूड आत सारतात.

"मग, तात्या?"

मग जिन्यावर पावलं. चढणारी. एक... दोन... वरच्या फळ्यांवर आली. फळी कडाडली. सिद्धूनं श्वास रोखला. आता पडल्याचा आवाज येणार...

नाही आला.

खालच्या पायरीवर पुन्हा पाऊल. एक... दोन...

सगळं तिथंच टाकून सिद्धू पळाला.

सकाळी तो दोस्तांना घेऊन गेला. सायकल तशीच. पिशवी रिकामी. आणि गिरणीच्या धुराड्यावर, शिडी पोचणार नाही अशा उंचीपर्यंत, एकावर एक चिकटवलेली पत्रकं. खळ ओली. बघायला माणसं लोटली, हेडमास्तर आले, त्यांनी कागद वाचला. सहल रद्द झाली.

याला दोन वर्षं झाली. समितीनं खालची पत्रकं खरवडली. सगळ्यात वरचं तसंच आहे, दोन पावसाळे झेलून. गिरणीची मागची भिंत मात्र पडलीय आणि पोरं आत जातात. ज्यांची लेकरं त्या रस्त्यानं शाळेला जातात, त्यांच्या आयांना एवढं सांगा. त्यांनी पुढच्यांना सांगावं.