नव्या कुलपाची बातमी

"काका, तलावाचं फाटक तुम्ही उघडं का टाकलंत?" बडबड्याने वही उघडून धाडकन विचारलं.

पोहणं शिकवणाऱ्या काकांनी दार लावून घेतलं.

"झालं समाधान?" त्याची मैत्रीण शिट्टी चिडली. "असं विचारतात का कुणी?"

दोघांना पोहायला याच काकांनी शिकवलं होतं. आठवड्यापूर्वी दुपारी, तलाव बंद असताना, चौथीतली एक मुलगी आत शिरली आणि बुडाली. काकांनी कुलूप लावलं नाही, असं तलावाचे व्यवस्थापक म्हणाले. पेपरात तेच छापून आलं आणि काकांची नोकरी गेली.

बडबड्याची ताई पत्रकारिता शिकत होती. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. "मीही एका बाईंना असंच विचारलं होतं रे. त्या रडत होत्या आणि मी लिहीत होते. चला, आधी माफी मागू."

काकांच्या दारात या वेळी वही पिशवीतच राहिली. "काका, मुलांचं चुकलं," ताई म्हणाली. "बोलायचं नसेल तर आम्ही जातो. बोललात तर तुम्ही हो म्हणाल तेवढंच लिहू."

काकांनी तिघांना आत घेतलं. ताईने घाई केली नाही.

"कुलूप महिनाभर मोडकं होतं," ते शेवटी म्हणाले. "तीनदा सांगितलं साहेबांना. त्या दिवशी मी जेवायला गेलो... धावत आलो, पण पोर गेली होती. लिहा हे."

"पण फाटकावर तर नवंकोरं कुलूप आहे!" शिट्टी ओरडली.

तिघं थेट व्यवस्थापकांकडे गेली. "कुलूप जुनंच आहे!" ते गुरकावले.

"मग त्यावर दुकानाची चिठ्ठी अजून कशी चिकटलेली?" शिट्टीने विचारलं. साहेबांनी तिघांना बाहेर काढलं.

चिठ्ठीवरच्या दुकानात मालक म्हणाले, "अपघाताच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः घेऊन गेले."

"तुमचं नाव छापलं तर चालेल?" ताईने विचारलं.

"छापा."

ताईने सगळं लिहून पेपरच्या कचेरीत दिलं. पेपरने चूक कबूल करून खरी बातमी छापली. "शाबास! आम्ही विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंत," संपादक म्हणाले. गल्लीभर कौतुक झालं.

मुलं पेपर घेऊन काकांकडे धावली. त्यांनी तो दोनदा वाचला. "माझ्यावरचा डाग गेला. पण तिच्या आईला विचारलं होतंत का, हे छापण्याआधी?"

कुणीच विचारलं नव्हतं.

मग त्या मुलीच्या घरी जाऊन बडबड्याने आधी माफी मागितली. आईने पेपर बाजूला ठेवला. "कशी गेली, ते सगळे लिहितात. कशी होती, ते कुणी विचारलंच नाही."

बडबड्या जमिनीवर बसला. "कशी होती, काकू?" त्याने हळूच विचारलं. मग काकू सांगत गेल्या, आणि संध्याकाळ होईपर्यंत तो एकही शब्द बोलला नाही.