माझ्या बाजूचा ब्रेक

सम्यक माझ्या आयुष्यात आला तो थेट शहाळ्यांच्या हातगाडीच्या दिशेने. म्हणजे स्टिअरिंगवर तो होता, शेजारी मी होते, आणि चिकूवाडीच्या रस्त्यावरून आमची ट्रेनिंगची गाडी अगदी निवांत, जणू तहान लागल्यासारखी, त्या शहाळ्यांकडे निघाली होती.

"ब्रेक," मी म्हटलं.

त्याने दणकून पाय दाबला. गाडी थांबली नाही. उलट मोकळी सुटून आणखी पुढे सरकली.

मग माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला. हातगाडीपासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. शहाळेवाल्याने आमच्याकडे बघितलं, काचेवरचा लाल 'एल' बघितला आणि पुन्हा कोयता चालवायला लागला. त्याला आमच्या स्कूलची सवय आहे.

"मी दाबला होता हो ब्रेक!"

"क्लच दाबलात तुम्ही. डाव्या पायाने."

"हो… मी डाव्या पायानेच ब्रेक मारतो."

"कुठे मारता?"

तो खाली बघायला लागला. मुलग्यांना इतक्या लांब पापण्या देऊन कोणाचं काय भलं होतं, कोण जाणे!

"गेममध्ये," तो म्हणाला.

मी हसले. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला हसू नये, हा पप्पांचा नियम. 'जयवंत मोटार ट्रेनिंग स्कूल' त्यांचंच. सम्यकही खरं तर त्यांचाच विद्यार्थी होता, पण त्या दिवशी पप्पांची कंबर धरली आणि तो माझ्या वाट्याला आला.

त्याचं एक छोटं गेमिंग पार्लर होतं, शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर, फॉल-पिकोच्या दुकानाच्या बरोबर वर. तिथे खऱ्यासारखं स्टिअरिंग, खऱ्यासारखे पेडल आणि समोर हा मोठा स्क्रीन. ताशी अडीचशेच्या वेगाने गाडी पळवणारा हा माणूस बाभई नाक्यावर रिक्षा दिसली की घामाघूम व्हायचा. पण लायसन्स त्याला हवंच होतं. आईला एकदा स्वतः गाडी चालवत नागपूरला, दीक्षाभूमीला घेऊन जायचं त्याने कबूल केलं होतं.

"आणि तुम्ही, मॅडम? तुम्हाला कुठे जायचंय गाडीने?" एके सकाळी त्याने विचारलं. जानेवारीतली सकाळ होती. नॅशनल पार्कच्या बाजूने गार वारा येत होता आणि रस्त्यावर धुक्याचा पातळ पडदा होता. अशा सकाळी माणूस नको ते खरं बोलून जातो.

"पाचव्या गिअरमध्ये," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी इतकी वर्षं गाडी शिकवतेय, पण या गल्ल्यांमध्ये तिसऱ्याच्या वर गिअर जातच नाही. गणपतीला गावी जाताना स्टिअरिंग पप्पांच्या हातात. एकदा मला अशी गाडी चालवायचीय की समोर कोणी नाही… आणि शेजारी कोणाला सांभाळायचं नाही. बस्स."

खरं सांगते, माझा उजवा पाय माझा राहिलाच नव्हता. लोकांच्या चुका त्याच्याखाली थांबायच्या. रिक्षात बसले तरी तो दाबला जायचा. मैत्रिणीच्या गाडीत, बसमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतही.

सम्यकने गाडी नीट कडेला घेतली, न सांगता इंडिकेटरही दिला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे बायकांची रेस आहे. जी जिंकेल तिला एक दिवस खऱ्या ट्रॅकवर खरी गाडी. दक्षिणेत आहे ट्रॅक. सरळ रस्ता, समोर कोणी नाही."

"मला गेम येत नाही."

"मला गाडी कुठे येते? तुम्ही मला शिकवताय ना? मी तुम्हाला शिकवतो."

संध्याकाळी मी त्याच्या पार्लरचा जिना चढले. वर अर्धा अंधार होता, निळा उजेड होता आणि खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"इथे मी सर," सम्यक म्हणाला, "रस्त्यावर 'अहो मॅडम' म्हणेन. इथे… तू चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. कान का गरम झाले ते विचारू नका.

मी यादीतली सगळ्यात लाल, सगळ्यात चकचकीत गाडी निवडली. त्याने ती बदलून एक साधी, पांढरी, हळू गाडी दिली. "सगळे हीच चूक करतात. आधी हळू गाडी. तिच्यात चुका दिसतात. वेगात नुसत्या लपतात."

पहिल्याच फेरीत मी काय काय केलं असेल? डावी बाजू धरून चालवली. वळणाआधी इंडिकेटरची दांडी शोधली. हॉर्न शोधला. मागून एक गाडी जोरात आली, तर तिला साईड दिली.

"साईड का दिलीस?" सम्यकने डोक्याला हात लावला.

"अरे, घाईत होता ना तो!"

"अपूर्वा, ही रेस आहे. सगळेच घाईत असतात!"

मग तो रोज शिकवत गेला. ब्रेक वळणात नाही मारायचा, वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच. वळणात हळू शिरायचं, म्हणजे जोरात बाहेर पडता येतं. रस्ता अख्खा वापरायचा — बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर. टायर ओरडला की समजायचं, आपण त्याच्याकडे फार मागतोय. रस्त्यावर कुठे ब्रेक मारायचा ते दाखवणारी एक रंगीत रेषा होती. ती त्याने आठवड्यातच बंद केली.

"अरे, वाट लागेल माझी!"

"लागू दे. रेषेकडे बघतेस तू, रस्त्याकडे नाही. आणि त्या भिंतीकडे तर अजिबात बघू नकोस."

"पण तीच अंगावर येतेय!"

"तू बघतेस म्हणून येतेय." तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी त्याचे हात पुढे आले, स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांवर अलगद टेकले… आणि त्याचा आवाज कानाशी आला. "नजर जिथे जाते ना, हात तिथेच जातात. जिथे आदळायची भीती आहे तिथे बघायचं नाही. जिथे जायचंय तिथे बघायचं."

मी वळणाच्या पलीकडे बघितलं. गाडी भिंतीला न लागता सुळकन बाहेर पडली. हात काढून घ्यायला त्याने जरा उशीरच केला. मीही माझे हात हलवले नाहीत.

सकाळी मी त्याचा डावा पाय सुधारायचे, संध्याकाळी तो माझा उजवा. सकाळी तो रिक्षांमधून वाट काढायला शिकला. संध्याकाळी मी वाट न देता पुढे जायला शिकले. घरी आई म्हणाली, हल्ली तू गुणगुणतेस फार.

घोळ घातला तो सुहासिनी काकूंनी. या आमच्या स्कूलच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. रस्त्यावर त्या पहिल्या गिअरमध्ये चालवतात आणि बस दिसली की डोळे मिटून घेतात. मी रेसमध्ये नाव दिलंय हे कळल्यावर त्यांनीही दिलं. आणि त्या पडद्यासमोर बसल्या की काय व्हायचं कोण जाणे, त्यांच्या अंगात वारं शिरायचं. "इथे कोण मरतंय गं?" म्हणत त्या सुसाट सुटायच्या.

रेसच्या रविवारी फायनलला आम्ही चौघी होतो, एका रांगेत चार खुर्च्या. माझ्या डावीकडे काकू. तिसरी आणि चौथी कॉलेजच्या मुली, त्यातली एक कांदिवलीची. मागे गर्दी, आणि गर्दीत सम्यक.

शेवटच्या फेरीला मी दुसरी होते. पुढे काकू. शेवटच्या लांब वळणावर काकू वेगात शिरणार हे मला ठाऊक होतं. मी आधी ब्रेक मारला, हळू शिरले… आणि खरोखरच काकूंची गाडी गरगरली, उलटी फिरली आणि ट्रॅकवर आडवी झाली. बाजूने जागा होती. अख्खी गाडी जाईल एवढी. जिंकले होते मी. तो सरळ रस्ता, खरा ट्रॅक, पाचवा गिअर, सगळं त्या फटीच्या पलीकडे होतं.

"अगंबाई, अपूर्वा!" काकू किंचाळल्या. "काय करू गं?"

आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

नुसता पाय गेला असता तरी एक वेळ ठीक होतं. मी भर रेसमध्ये गाडी उभी केली, माझं स्टिअरिंग सोडलं, डावीकडे वाकले आणि काकूंच्या स्टिअरिंगमागची गिअरची पट्टी दाबून त्यांना रिव्हर्स टाकून दिला. "घाबरू नका. हळू मागे घ्या. आधी आरसा बघा… हां, आता पहिला."

कांदिवलीची मुलगी आमच्या दोघींच्या बाजूने गेली आणि जिंकली.

मागे हसण्याचा कल्लोळ उठला. मी वळून बघितलं. सगळ्यात जास्त सम्यक हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

त्या हसण्याने मला फार लागलं. बाकीचे हसले तर हसू देत… पण त्या फटीपलीकडे माझं काय होतं ते फक्त त्यालाच माहीत होतं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. त्याच्या उरलेल्या तासांना पप्पांना पाठवलं. फोन उचलला नाही. चिकूवाडीच्या त्या वळणावर शहाळेवाल्याने एकदा विचारलं, "मॅडम, तो लडका पास झाला का?" मी काच वर केली.

झाला होता पास. पप्पांनीच जेवताना सांगितलं. "पहिल्या फटक्यात. छान चालवतो. डावा पाय एकदम शहाणा झालाय." मी आमटी वाढून घेतली. आधीच वाढली होती तरी.

त्यानंतरच्या रविवारी उजाडायच्या सुमाराला फोन वाजला. त्या दिवशी मी उचलला.

"मॅडम, खाली या. परीक्षा घ्यायचीय."

"तू पास झालास ना?"

"आरटीओची झालो. तुमची नाही."

खाली त्याच्या मामाची छोटी जुनी गाडी उभी होती. दव पडून काचा धूसर झाल्या होत्या. मी डावीकडे बसले, पाय ठेवले… आणि चमकून खाली बघितलं. तिथे काहीच नव्हतं. नुसती रबराची मॅट.

हायवेला लागलो. पहिल्या सिग्नलला माझा पाय मॅटवर दाबला गेला. दुसऱ्याला दाबला गेला. एका टेम्पोमागे तर मी दोन्ही पाय दाबले.

"अपूर्वा, तिथे काही नाहीये," तो समोर बघतच म्हणाला.

"माहितीय."

"मग?"

"सवय आहे."

दहिसर मागे पडलं. रस्ता रुंद होत गेला, खाडीवरून खारट, गार वारा आत आला. धुक्यात पलीकडचे डोंगर अर्धेच दिसत होते, कोणीतरी काढता काढता सोडून दिल्यासारखे. तो हळू चालवत होता. वेळेवर ब्रेक, उजव्या पायाने. आरसा, इंडिकेटर, सगळं. मला काहीच सांगावं लागलं नाही. पूल ओलांडल्यावर केव्हातरी लक्षात आलं, माझे पाय मांडी घातल्यासारखे सीटवर वर घेतलेले होते.

मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कोणाच्या तरी शेजारी नुसती बसले होते.

चहाच्या टपरीशी त्याने गाडी थांबवली. चहा घेतला. मग म्हणाला, "त्या दिवशी हसलो म्हणून चिडलीस."

"मी काय घालवलं ते तुला माहीत होतं, सम्यक."

"होतं. म्हणून तर…" त्याने कागदी कप फिरवला. "मी इतक्या जणांना शिकवलं. सगळ्यांना एकच सांगतो, कोणासाठी थांबायचं नाही. आणि तू थांबलीस. वर आरसा बघायला लावलास त्यांना! हसता हसता मला रडू यायला लागलं, यार. तेव्हा कळलं की मला… जाऊ दे. नंतर सांगतो."

"आत्ता सांग."

त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "आधी हे. ट्रॅक नाही देऊ शकत मी तुला. पण रविवारी या वेळेला हा रस्ता रिकामा असतो."

मी उजवीकडे बसले. सीट पुढे घेतली, आरसा लावला. तो डावीकडे बसला, बेल्ट बांधला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर माझा हात सवयीने थांबला. मी त्याला पुढे नेलं. चौथा. समोर कोणी नव्हतं. धुकं आपणहून बाजूला होत होतं, सोनेरी होत होतं. क्लच, आणि… पाचवा. इंजिनचा आवाज एकदम शांत झाला. काटा जेमतेम ऐंशीवर होता. अडीचशेवाल्याला त्यात काय! पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

मग मला जाणवलं, तो रस्त्याकडे बघतच नाहीये.

"समोर बघ," मी म्हटलं. "कुठे बघतोयस?"

"पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं तुला," सम्यक म्हणाला. आवाज इतका हळू की इंजिनच्या वरून जेमतेम ऐकू आला. "जिथे जायचंय तिथे बघायचं."

माझे हात स्टिअरिंगवर स्थिर राहिले. रस्ता पुढे लांबवर सरळ होता, आणि माझा उजवा पाय ब्रेककडे गेला नाही.