शाब्बासचं बटण

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गाळ्यात पूर्वी सकाळ उजाडायची ती जेटच्या डब्याने. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला पितळेचा इवलासा तुकडा. कार्बोरेटरमध्ये तो बसवला की त्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळणार. भोक मोठं झालं तर इंजिन घुरघुरतं, जोर धरत नाही. बारीक झालं तर ते पेट्रोलवाचून तापतं. वैजयंती मगदूम डब्यातून एक जेट काढायची, बसवायची, गाडी डायनोच्या रोलरांवर चढवून जागच्या जागी पळवायची आणि ती किती ताकद लावते ते पडद्यावर बघायची. मग स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायची. दुधाच्या चहासारखा असला तर ठीक, पांढराफटक पडला तर इंजिन उपाशी आहे म्हणायचं. की पुन्हा दुसरा जेट. या खटाटोपात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि तिची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती.

आता तो डबा फळीवर धूळ खात पडला होता, कारण श्वासजेट आला होता.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तो तिच्याकडे चाचणीसाठी दिला होता. दिसायला साधाच जेट, पण धातू असा की विजेच्या हलक्याशा इशाऱ्यावर भोक आकसावं किंवा पसरावं. सोबत नखाएवढा मेंदू. हवा दाट की विरळ, नळी किती तापली, इंजिनाचा सूर कसा लागला, हे सगळं तो पाहायचा आणि माप स्वतःच ठरवायचा. मात्र चांगलं कशाला म्हणायचं हे त्याला उपजत ठाऊक नव्हतं. ते माणसाने शिकवायचं. त्यासाठी एक बटण होतं. मनासारखं झालं की दाबायचं. प्रयोगशाळेने त्यावर 'पसंती' असं छापलं होतं. वैजूने त्यावर पट्टी चिकटवली आणि 'शाब्बास' लिहिलं. लेकराला शिकवायचं तर पसंती कसली कळवता, असं तिचं म्हणणं.

रोलरांवर उभी होती दस्तगीर मुजावरची क्वाड. रुंद टायरांची, उघडी, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची चारचाकी. रस्त्यावरची वाहनं केव्हाच विजेवर गेली होती. टू-स्ट्रोक इंजिन उरलं होतं ते शर्यतीपुरतं, तेही परवान्याच्या सीलबंद पेट्रोलवर. सागरवाडीच्या पुळणीवरची शर्यत ही त्यातली शेवटची, आणि पुढच्या वर्षापासून तीही बंद होणार होती. दस्तगीर तिथे दरवर्षी जायचा आणि दरवर्षी दुसरा यायचा. लोक त्याला 'दोन नंबर' म्हणूनच हाक मारत. तो हसून ओ द्यायचा, पण वैजूला ते हसू बघवत नसे. सख्खा भाऊ नव्हता, पण भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचा आणि गाडी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

सिलिंडरची भोकं तिने हाताने कोरून मोठी केली होती, सायलेन्सर स्वतः पत्रा वळवून बनवला होता. आता फक्त पेट्रोलचं गणित बसायचं होतं. दस्तगीरने उजव्या अंगठ्याने थ्रॉटल दाबला. जेट भोक आवळत गेला तसा सूर चढत गेला आणि सर्वात वर पोचला तेव्हा एकदम कोरडा, खणखणीत झाला. पडद्यावरची रेघ आजवर गेली नव्हती तिथे गेली. वैजूने बटण दाबलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

पुन्हा तोच कोरडा सूर, आणखी थोडी वर गेलेली रेघ. पुन्हा शाब्बास. टू-स्ट्रोकची गंमतच अशी आहे की ते मरायच्या जरा आधी सगळ्यात गोड गातं. हे वैजूइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. एरवी ती त्या सुराच्या अलीकडेच थांबायची, हातचं राखून ठेवायची. पण आता राखणारा जेट होता, मग तिने कशाला राखावं? रोलरावरची धाव संपली की जेट भोक पुन्हा मोठं करी, इंजिन गार होई. प्लग काढून बघायचंही तिने सोडून दिलं होतं.

"ताई, लई कोरडी वाजतीया," दस्तगीर म्हणाला.

"वाजू दे. वेळ आली की भोक आपलं आपण मोठं हुतंय. मी बघितलोय की." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती पुरुषासारखीच क्रियापदं लावायची. "आणि ती बोटं काढ तिथली."

दस्तगीरची डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती. ती कायमच असत. टू-स्ट्रोक चालवणाऱ्या जुन्या माणसांची ही रीतच. इंजिन कधी जाम होईल सांगता येत नाही. झालं तर मागची चाकं जागीच अडकतात आणि चालवणारा पुढे भिरकावला जातो. तेवढ्यात क्लच ओढला तर चाकं मोकळी होतात. दस्तगीर तर चहाचा कपसुद्धा दोन बोटं वेगळी ठेवून धरायचा.

"असू देत की. सवय हाय."

"दोन बोटं तिकडं गेली म्हणजे हँडल धरायला उरली किती? वाळूत म्हणूनच मागं पडतोस तू. आता जाम व्हायचं भ्या न्हाई, दस्तू. मी सांगतो तुला."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बोटं काढली. इतकं सरळ ऐकलं त्याने.

शर्यतीच्या सकाळी पुळण लांबच लांब पडली होती, ओहोटीने वाळू कडक केली होती. श्वासजेटचं शिकणं बंद ठेवायची कळ होती. वैजूने ती चालूच ठेवली. खऱ्या मैदानातही शिकू दे की, असा विचार तिने केला. दस्तगीर पहिल्याच वळणाला पुढे गेला. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली क्वाड वाळूत तसूभर हलत नव्हती. समुद्राला लागून असलेल्या सरळ पट्ट्यात तो शिरला तेव्हा मागे कुणी दिसतही नव्हतं. वैजू दोरीच्या कडेला उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो कोरडा सूर तिला लांबून ऐकू आला, तो चढत राहिला. मग एकदम थांबला.

क्वाड दोनदा उलटली. दस्तगीर जगला. डावा गुडघा निकामी झाला आणि डाव्या हाताची पकड गेली. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालेल.

तो घरी आला तेव्हा वैजूने जेट उघडून त्याची आठवण संगणकावर घेतली. धातू दगा देऊन गेला असेल, वायर तुटली असेल, असं काहीतरी सापडावं अशी तिची इच्छा होती. तसं काहीच नव्हतं. जेट ठणठणीत होता.

डायनोवरची प्रत्येक धाव थोडक्यात आटपायची आणि कोरडा सूर लागला की शाब्बास मिळायचं. जेट शिकला तो एवढंच शिकला. पुळणीवर सूर लागला, पण धाव संपेना आणि बटण काही कुणी दाबलं नाही. आपलं चुकतंय, वैजूला हवं ते अजून झालेलं नाही, असा त्याने अर्थ लावला. त्याने भोक थोडं आणखी आवळलं. थांबला. मग आणखी आवळलं. इंजिन तापत असल्याचं त्याला दिसत होतं, पण तापण्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पिस्टन फुगून अडकेपर्यंत तो शाब्बासची वाट बघत होता.

रागवायलाही वैजूसमोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दस्तगीरच्या घरी गेली. तो खिडकीपाशी पाय लांब करून बसला होता.

"ताई, मी लई इचार केला," ती टेकायच्या आधीच तो म्हणाला. "चूक माझीच हाय. आवाज कोरडा झाला, मला कळालं हुतं. क्लच ओढाय पायजे हुता. मी आपला हँडल धरून बसलो. तू उगंच मनाला लावून घिऊ नको."

हे ऐकून गप्प बसणं किती सोपं होतं. त्याने तिला सोडवलंच होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मग सगळं सांगितलं. बटणाचं सांगितलं, सुराचं सांगितलं, बंद न केलेल्या कळीचं सांगितलं. "बोटं मी काढाय लावली, दस्तू. आणि त्या जेटला बी मीच बिघडवला. तुझं काय चुकलं न्हाई."

बाहेर रस्त्यावरून विजेच्या गाड्या आवाज न करता जात होत्या.

"मला पहिला आलेला बघायचा हुता तुला," दस्तगीर म्हणाला.

"व्हय."

"मी कधी म्हणलो हुतो का, पहिला यायचंय म्हणून?"

तिला आठवेना. खरंच आठवेना, आणि या एका गोष्टीने तिला जेवढं लागलं तेवढं संगणकावरच्या रेघांनीही लागलं नव्हतं.

"मला गाडी चालवायची हुती, ताई. तेवढंच." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. मग त्याने विचारलं, "त्या जेटचं काय करनार आता?"

"प्रयोगशाळेचा फोन आला हुता. सगळं पुसून टाका म्हणत्यात. कोरा करून दुसऱ्या कुणाला तरी शिकवाय देतील."

"आनि त्यो बी शाब्बासच म्हननार."

"तेवढंच एक बटण हाय त्याला."

दस्तगीरने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "पुसू नको," तो म्हणाला. "पुसलंस तर त्याला कसं कळायचं, कुठं थांबायचं ते?" मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "पर आता हुतंय तेवढं पुरे, असं त्याला शिकवनार कोन? तुला तरी येतंय का, ताई?"