आलेच

पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. मला कुणाची खात्री पटवायची नाही.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते, रडणारी कुत्री लागतात. माझ्यासोबत घडलं ते भर दुपारी. शुक्रवार होता. पहिल्या मजल्यावरचं रेस्टॉरंट, रस्त्याच्या बाजूने मोठी काच, खाली चष्म्यांचं दुकान.

मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसते, माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. दिवसभर ओरडून आवाज असा झालाय की घरचे म्हणतात, तुला फोनची गरजच काय? सांगायचा मुद्दा, मी घाबरट नाही.

माझी धाकटी बहीण मात्र...

आम्ही तिला बारकी म्हणतो. वर्षापूर्वी तिचा नवरा "गाडी नीट लावून आलोच" म्हणत जिना उतरला. कोपऱ्यावर ट्रकने त्याला उडवलं. तेव्हापासून बारकी माझ्याकडे राहते. रात्री दाराला कडी लावू देत नाही.

"तो आलोच म्हणालाय, ताई."

समजावलं, रागावले, डॉक्टरांकडे नेलं. पालथ्या घड्यावर पाणी. डोळ्यांतून एक टिपूस नाही, पोटात धड घास नाही.

त्या दिवशी ती पहिल्यांदा बाहेर जेवायला तयार झाली. काचेजवळचं, कोपऱ्यातलं टेबल तिनेच निवडलं. वाटीभर सूप प्यायली. एकदा हसलीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला.

मग बिल आलं.

म्हातारे वेटरकाका मशीन घेऊन आले. मी कार्ड लावलं.

मशीन बंद.

त्यांनी ते पुन्हा चालू केलं. मी कार्ड लावलं... पुन्हा बंद.

काउंटरवर नेऊन पाहिलं. तेच. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं कार्ड तर आत्ताच चाललं होतं! फोनवरून पैसे पाठवावे म्हटलं, तर रेंज गायब.

काका खाली वाकले. हळूच म्हणाले, "ताई, दोघी जा. पैसे उद्या दिलेत तरी चालतील. फक्त... दोघी जा."

झालं! माझं डोकं फिरलं.

"फुकट खाऊन पळणाऱ्यांतल्या वाटलो का आम्ही? ही बसेल इथे. एटीएम समोरच आहे."

"तसं नाही हो. त्या टेबलाशी एकट्या माणसाला..."

"ती काय कुक्कुलं बाळ आहे का, काका?"

पर्स उचलली आणि सवयीने बोलून गेले, "बारके, आलेच!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

पैसे काढून बाहेर आले आणि वर पाहिलं. काचेतून बारकी दिसत होती.

तिच्यासमोर... माझ्या खुर्चीत... कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरी बाई. केसांचा घट्ट अंबाडा. तिने बारकीचं मनगट धरलं होतं. ती काहीतरी सांगत असावी, कारण बारकी मान हलवत होती. हो... हो...

माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसता फुटपाथ होता.

धावत जिना चढले.

खुर्ची रिकामी.

पण निघताना मी ती मागे ढकलली होती. आता ती टेबलाला चिकटून होती... कुणी जेवायला बसावं तशी. आणि सगळं गप्प. पंखा फिरत होता, त्याचा आवाज नव्हता. आत भांडी घासत होते, त्यांचा आवाज नव्हता.

"बारके, ऊठ. निघू."

"तू जा, ताई."

"म्हणजे?"

"या म्हणतात, आलोच म्हणून गेलेल्यांची वाट इथेच बघायची असते. याही बघताहेत."

"या कोण?"

तिने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. माणसाकडे पाहतात तसं.

मी खुर्ची ओढली. वेताची, एका हाताने उचलता येईल अशी...

हलली नाही.

खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. गरम होती.

खोटं कशाला बोलू, हात झटकन मागे घेतला. पण त्याहून जास्त संताप आला. वर्षभर या पोरीला एकेक घास भरवून उभी केली, ती काय कुणा अंबाडेवालीच्या हवाली करायला?

"ए बाई!" मी ओरडले. शिकवतानाच्या आवाजात. सगळे वळून बघायला लागले. बघेनात का!

"तुझा माणूस आला नाही, वाईट झालं. हिचाही आला नाही. येणारही नाही. पण मी आले! आलेच म्हणाले आणि आले! ही बघ, समोर उभी आहे. सोड तिचा हात!"

काहीच नाही...

मग बारकीचे ओठ थरथरले. वर्षभरात पहिल्यांदा ती रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी.

"तो नाही येणार ना, ताई?"

"नाही गं सोन्या. नाही येणार."

तिचं मनगट सुटलं. मी या डोळ्यांनी पाहिलं. बोटांचे पांढरे ठसे होते, तिथे एकेक करून रक्त परत आलं.

नोटा टेबलावर टाकल्या आणि तिला ओढतच बाहेर काढलं. दाराशी काका उभे होते.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"माहीत नाही, ताई. त्या टेबलाचं बिल मशीन कधी कधी घेत नाही. मग एक जण पैसे आणायला जातो. आणि दुसरा..."

"दुसरा काय?"

काकांनी आम्हाला जिन्याकडे हात दाखवला.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो असू. मागे खुर्ची सरकली. सावकाश... फरशीवर घासत...

आणि एका बाईचा आवाज आला. खूप दिवसांनी कुणी हाक मारल्यासारखा, आनंदाचा.

"आलेच!"

बारकीनेही ऐकला. आम्ही मागे पाहिलं नाही.

त्या रात्री बारकीने स्वतः उठून दाराला कडी लावली. आता जेवते, झोपते. माझ्याकडेच गाडी शिकते. क्लच सोडताना अशी काही उडवते की माझी हाडं खिळखिळी होतात, पण शिकते.

माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द जात नाही. माणूस जाताना म्हणतो, आलेच. आणि कुणी हाक मारली की येतानाही म्हणतो, आलेच. ती यातलं कुठलं म्हणाली? गेली असेल तर सुटली बिचारी.

पण 'ए बाई' अशी हाक तर तिला मीच मारली होती ना...

तरी सांगते, मी घाबरत नाही. ये म्हणावं. बारकी हवी असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे. आमच्या जेवणाच्या टेबलाला एक खुर्ची जास्तीची आहे. ती मी रिकामी ठेवतच नाही. धुण्याची टोपली ठेवून दिलीय तिच्यावर.

आज सकाळी टोपली खाली फरशीवर होती. बारकी म्हणाली, तिने काढली नाही.

मी टोपली उचलली आणि परत खुर्चीवर आपटली.

खुर्चीच्या पाठीला मात्र हात लावला नाही.